मदत हवी आहे: सीएसएसडीच्या स्टीम लाइनीत पहाटे ठोके बसतात

पाना_चौदा:
नमस्कार मंडळी. हॉस्पिटलच्या मेंटेनन्सला पाइपफिटर आहे. पहाटे साडेपाचला सीएसएसडीची (ऑपरेशनचं सामान निर्जंतुक करतात तो विभाग) वाफ सोडली की लाइनीत घणाने ठोकल्यासारखे आवाज येतात. बरोबर खाली बाळंतिणींचा वॉर्ड आहे. काल मेट्रन स्वतः खाली आल्या आणि सगळ्यांसमोर मला झापलं. लाइनीतलं पाणी काढणारा ट्रॅप नवीन टाकलाय, तरी तेच. रविवारपर्यंत निकाल लावायचाय. उपाय सांगा, लेक्चर नको.

वाफाळ:
किती किलो दाबावर चालवता? पाइप किती इंची? ट्रॅप कुठल्या जातीचा, कुठे बसवलाय? यातलं काहीच लिहिलं नाही तर आम्ही काय कुंडली मांडायची?

पाना_चौदा:
बॉयलरला ७ किलो, दीड इंची एमएस. ट्रॅप टीडी (थर्मोडायनॅमिक) आहे, ऑटोक्लेव्हच्या म्हणजे निर्जंतुक करायच्या मशीनच्या अलीकडे. पुढे दाब कमी करणारा पीआरव्ही, तिथून साडेतीन. नेहमीचंच आहे सगळं.

अण्णा_फॅब्रिकेटर:
टीडी काढून फ्लोट ट्रॅप टाका, विषय संपला. मी साखर कारखान्यात तीस सीझन काढलेत.

वाफाळ:
अण्णा, ठोके बसणाऱ्या लाइनीत फ्लोट ट्रॅप? आतला गोळा आठवड्यात चेपेल. टीडीत एक चकती असते, ती मार खाते आणि टिकते. फ्लोट ऑटोक्लेव्हच्या जॅकेटला ठीक, मेन लाइनीला नाही.

अण्णा_फॅब्रिकेटर:
चांगल्या कंपनीचा घेतला तर चेपत नाही. तुम्ही पुस्तकातलं बोलताय.

वाफाळ:
चेपलेले दोन गोळे माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहेत.

हिरवा_मास्क:
मी सीएसएसडीत सिस्टर आहे. दादा, ऑटोक्लेव्हमधून सामानाचे पॅक ओले निघतात का? ते आधी सांगा.

पाना_चौदा:
हो ताई, निघतात. पण तो ऑटोक्लेव्हचा प्रॉब्लेम ना? त्यांचा इंजिनिअर बोलावलाय.

हिरवा_मास्क:
लाइनीत पाणी असेल तर तेच पाणी वाफेबरोबर ड्रममध्ये येणार. आणि ओला पॅक बाद, पॅकच्या टेपवर वाफ लागल्याच्या काळ्या रेषा उमटल्या असल्या तरी. परत सोडायचा, नव्या कापडात बांधायचा, परत लावायचा. १३४ डिग्रीची सायकल, वर वाळवणं, म्हणजे आठचं ऑपरेशन हमखास लेट. अर्थात पॅक गरमगरम काढून गार स्टीलच्या टेबलावर ठेवले तरी ओले होतात, ते तुमच्याकडच्या मुलींना विचारा. पण ठोके आणि ओले पॅक दोन्ही असतील तर मी तुमच्या लाइनीलाच धरेन.

मस्कतकर:
भाऊ, तिथे कशाला जीव काढताय? गल्फमध्ये पाइपफिटरला मागणी आहे. आयटीआय आणि वेल्डिंगचं सर्टिफिकेट असेल तर व्यनि करा. एजंटला पैसे देऊ नका फक्त.

पाना_चौदा:
मी नोकरी विचारली का हो?

सोसायटी_सेक्रेटरी:
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, आमच्या सोलरचं गरम पाणी चौथ्या मजल्यावर वीस मिनिटांनी येतं. काय करावं?

अण्णा_फॅब्रिकेटर:
रिटर्न लाइन टाका आणि छोटा पंप बसवा. पाइपला लॅगिंग केलंय का?

वाफाळ:
अण्णा, त्यांचा वेगळा धागा काढा. चौदा, आता नीट ऐका. रात्री बॉयलर बंद, लाइन गार, आतल्या वाफेचं पाणी. पहाटे तुम्ही वॉल भसकन उघडता. वाफ सेकंदाला पंचवीस-तीस मीटरने धावते, म्हणजे हायवेवरचा टेम्पो. ती ते पाणी पुढे ढकलत नेते आणि पाण्याचा गोळा एल्बोवर, म्हणजे पाइपच्या वळणावर आपटतो. प्रश्न एवढाच, पाणी ट्रॅपपर्यंत का पोचत नाही. राइझरच्या (उभ्या पाइपच्या) तळाला ड्रेन आहे? आडव्या लाइनीला उतार आहे? गाळणीचं पोट खाली आहे की बाजूला? आणि ठोके कधीपासून?

पाना_चौदा:
राइझरला ड्रेन आहे, रोज काढतो. गाळणी आडवी, ती मीच बसवलीये. उतार लाइन टाकली तेव्हा दिलेला. ठोके दोनेक महिने झाले. दिवाळीआधी कॉरिडॉरचं फॉल्स सीलिंग आणि एसीचं डक्ट नवीन केलं, त्यानंतर. पण त्याचा वाफेशी काय संबंध?

वाफाळ:
अरे देवा. हे सोळाव्या पोस्टला सांगताय?! डक्टवाल्यांनी पाइप टांगणारा हँगर सोडला असणार. सीलिंगची एक टाइल उचला आणि गवंड्यांची पाण्याची लेव्हल नळी लावा. शंभराला एक उतार हवा, ट्रॅपच्या दिशेने.

नियमांत_राहा:
एक सूचना. साडेतीन किलोच्या वरची स्टीम लाइन आयबीआरमध्ये, म्हणजे बॉयलरच्या सरकारी नियमांत येते. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा आला तरी परवानगीशिवाय कापणं-वेल्डिंग चालत नाही. हँगर बांधा, पाइप कापू नका. आणि बॉयलर बंद, लाइन गार, ड्रेन उघडा, मगच हात लावा.

अण्णा_फॅब्रिकेटर:
एवढ्याला कोण परवानगी घेतं?

नियमांत_राहा:
अपघात झाल्यावर हाच प्रश्न इन्स्पेक्टर विचारतो.

पाना_चौदा:
दुपारी लॉण्ड्रीचा लोड संपल्यावर शिडी लावली. वाफाळ साहेब, तुमच्या तोंडात साखर. बारा मीटरच्या आडव्या लाइनीत मधले दोन हँगर गायब. एकाच्या जागी डक्टची पट्टी, दुसऱ्याचा रॉड कापून तिथेच टाइलवर आडवा ठेवलेला, नटासकट. लाइनीला चांगला झोळ. नळीने मोजलं तर मधला भाग ट्रॅपच्या टोकापेक्षा साडेतीन सेंटीमीटर खाली. नवीन ट्रॅप पाण्याची वाट बघत बसलेला आणि पाणी मध्येच झोळीत.

हिरवा_मास्क:
रॉड ठेवलाय कुठे? मेट्रनना नेऊन दाखवा आधी.

पाना_चौदा:
माझ्या लॉकरमध्ये. रविवारी बॉयलर बंद असताना नवे हँगर टाकतो. तोवर काय?

वाफाळ:
तोवर सव्वापाचला या. ड्रेन पूर्ण उघडा, वॉल पाव चक्कर. ड्रेनमधून पाणी संपून कोरडी वाफ येईस्तोवर हलवू नका, मग हळूहळू. झोळातलं सगळं निघणार नाही, पण मार कमी होईल. वॉलच्या समोर तोंड धरून उभं राहू नका.

पाना_चौदा:
आज तसं केलं. वीस मिनिटं गेली. दोन बारके ठोके, बस. वॉर्डातून फोन नाही.

सोमवार. हँगर टाकले. चार टाकले, दोन माझ्या समाधानासाठी. आज एकही ठोका नाही, पॅक कोरडे. ऑटोक्लेव्हच्या इंजिनिअरने व्हिजिट चार्ज लावलाच.

सोसायटी_सेक्रेटरी:
रिटर्न लाइनीला पाऊण इंच पुरेल का?