मदत हवी आहे: आधारवर बाबांचं वय चुकलंय

मंडळी, काल आमच्या इंदूरच्या रामबागेत आयुष्मान कार्डावर सभा होती. सभा कसली, राजवाड्यावरची दिवाळीतली गर्दी बरी! एक काका उठले, कार्ड दाखवूनही दवाखान्यानं अनामत मागितली म्हणाले, आणि माइकची ओढाओढच सुरू झाली. माझा प्रश्न राहिला तो राहिलाच.

ऑक्टोबर २०२४ पासून या कार्डावर सत्तर आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. पण वय आधारवरूनच धरतात. बाबा ७२ चे, आधारवर मात्र ६८! (आईला याचं भारी हसू येतं.) गुडघ्याचं ऑपरेशन डोक्यावर आहे. जवळ फक्त ग्वाल्हेरच्या शाळेचा जुना, पिवळा पडलेला दाखला. तो दुरुस्तीला चालतो का? इंदूरमध्ये कुणी करून घेतलंय? किती दिवस लागले?