पॉवर बँक चेक-इनमधे टाकू नका राजेहो

दादा, तुम्ही म्हणता की पॉवर बँक मोठ्या बॅगेत कपड्यात गुंडाळून टाकली तर कोणी पाहत नाही, पण स्कॅनरमधे बरोबर दिसते ना ती. मागच्या दिवाळीत सोनेगाव एअरपोर्टवर मला परत बोलावून बॅग उघडायला लावली, संत्रा बर्फीचे डबे सगळ्यांसमोर बाहेर, अन् खाली ती पॉवर बँक. बरं, लिथियमची बॅटरी खाली सामानात पेटली तर विझवणार कोण, वर केबिनमधे निदान माणसं तरी असतात. 2016 मधे सॅमसंगचा गॅलक्सी नोट 7 फोन विमानात न्यायला बंदी घातली ती याच आगीच्या भानगडीपायी.

आता हिशोब. 100 वॅट-अवरपर्यंत (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) चालते, पॉवर बँकेवर छापलेल्या एमएएचच्या आकड्याला 3.7 ने गुणा अन् हजाराने भागा, म्हणजे 20000 वाली 74 होते, बिनधास्त न्या, पण हातातल्या बॅगेत. फक्त तिच्यावरचा छापा पाहून घ्या, माझी सीताबर्डीच्या फुटपाथवरची, आकडे घासून गेलेले, किती वॅट-अवरची ते सांगताच येईना, तिथेच ठेवून यावं लागलं. फ्लाइट मोडचं म्हणाल तर 2014 पासून टेकऑफ-लँडिंगलाही फोन चालू ठेवता येतो, तरी आमचे काका बसल्याबसल्या स्विच ऑफच करतात.