‘लाइफ’ साप्ताहिक आणि १९५०चे दशक : स्मरणरंजन वाचकांचे की संपादकांचे?

वाचनवेडी, फोंडा
नमस्कार. आमच्या वाचक मंडळात मला ‘लाइफ’ या अमेरिकन सचित्र साप्ताहिकावर निबंध वाचायचा आहे. हेन्री लूस यांनी नोव्हेंबर १९३६ मध्ये सुरू केलेले हे साप्ताहिक डिसेंबर १९७२ मध्ये बंद पडले आणि त्याच वर्षीच्या १६ जूनच्या अंकाची मुखपृष्ठकथा १९५०च्या दशकाच्या आठवणींवर होती. जेमतेम बारा वर्षांपूर्वी सरलेल्या काळाविषयी इतक्या लवकर हळहळ का वाटावी? ही ओढ वाचकांची होती की संपादकांनी रुजवलेली? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मांडवीकाठ, पणजी
ताई, ती ओढ खरी होती, असे माझे मत आहे. त्या बारा वर्षांत अध्यक्ष केनेडी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्या झाल्या होत्या आणि व्हिएतनामचे युद्ध संपत नव्हते. २७ जून १९६९च्या अंकात याच ‘लाइफ’ने एका आठवड्याच्या मृतांच्या यादीतील २४२ अमेरिकन सैनिकांची ओळख करून देताना पानामागून पान त्यांचे चेहरे छापले होते. शाळेच्या छायाचित्रांतून घेतलेले ते कोवळे चेहरे ज्यांनी पाहिले, त्यांना कमरेभोवती हूला हूपचे कडे फिरवणाऱ्या मुलांचा तो १९५०च्या दशकाचा काळ सुखाचा वाटला, तर त्यात नवल नाही. शिवाय साप्ताहिक स्वतःच संकटात होते. मोटारी आणि शीतकपाटे विकणाऱ्यांच्या जाहिराती दूरचित्रवाणीकडे वळल्या होत्या आणि टपालखर्च वाढत होता. ज्या दशकात आपण घरोघरी पोहोचलो होतो, त्याकडे संपादकांनीही आपुलकीने पाहिले असणार.

जुनी पाने, म्हापसा
वरील विवेचन मला पटते. परंतु निबंध तेवढ्यावर थांबू नये, अशी कळकळीची विनंती आहे. कारण १९५०च्या दशकाचे दुसरे रूपही ‘लाइफ’नेच छापले होते. त्याच्या कर्मचारी वर्गातील पहिले कृष्णवर्णीय छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स यांनी अलाबामा राज्यात वर्णभेदाखाली जगणाऱ्या एका विस्तारित कुटुंबाचे रोजचे जीवन रंगीत छायाचित्रांतून टिपले आणि ते सप्टेंबर १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत घरातली माणसे आहेत, मुले आहेत, स्वच्छ इस्त्री केलेले कपडे आहेत आणि या साऱ्याभोवती कायद्याने घातलेल्या मर्यादा आहेत. लेख छापून आल्यानंतर त्यातील एका जोडप्याला उपजीविका गमावून गाव सोडावे लागले. म्हणजे माहिती वाचकांपर्यंत पोहोचलीच नव्हती, असे म्हणता येत नाही. पुढे आठवणी काढताना काय निवडले गेले, हा खरा अभ्यासाचा विषय आहे.

वाचनवेडी, फोंडा
आपण दोघांनीही इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. गोव्यातील श्रोत्यांना हा विषय जवळचा वाटावा, यासाठी काही सुचवाल का?

मांडवीकाठ, पणजी
आपल्याकडेही तेच दशक घ्यावे. भारताने पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्याच्या केलेल्या १९५५च्या आर्थिक नाकेबंदीनंतरही खनिज निर्यातीच्या पैशावर गोव्याच्या बाजारात विदेशी माल येत राहिला आणि त्या मालाच्या आठवणी आजही अनेक घरांत निघतात. त्याच वर्षी १५ ऑगस्टला सीमेवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि आग्वादच्या तुरुंगात स्वातंत्र्यसैनिक शिक्षा भोगत होते. ज्येष्ठ श्रोत्यांना दोन्ही गोष्टी ठाऊक असतील. त्यांना बोलते करावे.

जुनी पाने, म्हापसा
एक व्यावहारिक सूचना. ‘लाइफ’चे जुने अंक गूगल बुक्सवर पूर्ण स्वरूपात पाहता येतात. सुटी छायाचित्रे न दाखवता अख्खा अंक जाहिरातींसह चाळावा, म्हणजे पार्क्स यांच्या छायाचित्रांच्या मागेपुढे कोणत्या वस्तूंच्या जाहिराती होत्या आणि त्यांत कोणती कुटुंबे रेखाटली होती, हे श्रोत्यांना स्वतः पाहता येईल.