सात टक्क्यांत कातकऱ्यांचा वेगळा वाटा : फूट की न्याय?

डोंगरवाट : 'आदिम जमातींना वेगळा कोटा मागणारे आदिवासींची एकी फोडतायत,' अशी पोस्ट काल वाचली. डोकंच फिरलं. राज्यात कातकरी, कोलाम, माडिया गोंड या तीन आदिम, म्हणजे आदिवासींतही सगळ्यात मागे राहिलेल्या जमाती. अनुसूचित जमातींचं आरक्षण सात टक्के, सगळ्यांचं मिळून. त्यातून तहसीलदार झालेला कातकरी कोणी पाहिलाय का? 1 ऑगस्ट 2024 ला सुप्रीम कोर्टाने उपवर्गीकरणाचा, म्हणजे कोट्यात पोटकोटा देण्याचा रस्ता मोकळा केला. मग घोडं अडलंय कुठे?

ठाकरवाडी : तो खटला अनुसूचित जातींचा होता, आधी वाचा. मी ठाकर आहे, आमच्या वाडीत काय बंगले उभे राहिलेत? जागा खाल्ल्या जमातीचे बोगस दाखले काढणाऱ्यांनी. 2017 ला सुप्रीम कोर्टाने अशा दाखल्यावरची नोकरी बेकायदा ठरवली, तरी त्यांना अधिसंख्य, म्हणजे जादा तयार केलेल्या पदांवर सांभाळून घेतलं. तिथे तोंड उघडा. भावाच्या ताटातलं काय ओढता?

खडूफळा : दोघंही नोकरीवर भांडताय. मी रायगडच्या सुधागडात शिकवते. दिवाळी झाली की कातकरवाडी रिकामी होते, सगळे वीटभट्टीवर. माझ्या वर्गातली एक मुलगी तिकडे विटा थापून पावसाच्या तोंडावर परत येते. बोटांची सालं निघालेली, बाराखडी विसरलेली. तिला कोटा कोण देणार?

लालमाती : आमची भट्टी आहे. झोडपणं सोपं असतं बाई. भर पावसात घरात दाणा नसतो तेव्हा उचल कोण देतं? सरकार? बाळंतपणाला गाडी आमचीच जाते.

खडूफळा : आणि ती उचल सहा महिने राबूनही फिटत नाही! वहीत काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नाही. खर्चीत, म्हणजे हातखर्चाला मिळतं तेवढ्यात आठवडा काढायचा, हिशेबाला नवरा-बायको दोघांची मजुरी उचलीतच जिरते. वेठबिगारीविरुद्ध कायदा 1976 चा आहे, दादा.

लालमाती : सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मुकादम पैसे खातो, नाव मालकाचं जातं.

डोंगरवाट : धागा भट्टीवर गेला तो गेलाच. पण मुद्दा तोच आहे. 'जनमन' ही आदिम जमातींसाठीची केंद्राची योजना नोव्हेंबर 2023 ला सुरू झाली, घराला दोन लाख. सर्व्हेवाले जानेवारीत आले तर वाडीत म्हाताऱ्यांशिवाय कोण सापडणार? घराखालची जागा खासगी मालकाची, जमातीच्या दाखल्याला 1950 पूर्वीचा पुरावा. ज्याच्या आज्याने जन्मभर दुसऱ्याच्या रानात कोळसा पाडला, तो कागद कुठून आणणार?

ठाकरवाडी : कागदाचं खरंय. आम्हालाही फिरवलं, पण आमच्याकडे निदान दळीची, म्हणजे डोंगरउतारावर कसायला मिळालेली जमीन होती, तिच्या नोंदीवर सुटलो. त्यांच्यातल्या अनेकांकडे तेवढंही नाही, हे मानतो. कोटा मात्र अजून मान्य नाही. आधी गावठाण नावावर करा, दाखले वाडीत येऊन द्या, आणि तेही भट्ट्या बंद असताना, जून ते सप्टेंबर.

खडूफळा : आणि भट्टीवर शाळा?

ठाकरवाडी : ते लालमातीला विचारा.