खाद्यातून कोळंबीला डीएसआरएनए: जेलवर बँडऐवजी स्मिअर येतोय

खाजणकाठ, रत्नागिरी:
पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर व्हॅनामेई कोळंबीला खाद्यातून डीएसआरएनए (विषाणूचं जनुक गप्प करणारा दुपदरी आरएनए) द्यायचा आहे. विषाणूच्या व्हीपी२८ जनुकाचा ४०० बेसजोड्यांचा तुकडा एल४४४० या प्लाझमिडमध्ये (जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या वर्तुळात), जिवाणू ई. कोलाय एचटी११५ (डीई३). ०.४ मिलिमोलर आयपीटीजी (आरएनए बनवणं सुरू करणारं रसायन), ३७ अंशांवर ४ तास. जेलवर बँड (एकाच लांबीची ठळक रेघ) नाही, नुसता स्मिअर (पसरट डाग). चाचणी मे महिन्यात घ्यावी का? हेच जिवाणू पुढे सस्तन पेशींवर चालतील का?

पेट्रीप्लेट:
स्मिअर ४०० च्या वर की खाली? वर असेल तर दोष वेक्टरचा, म्हणजे प्लाझमिडचा: एल४४४० मध्ये टी७ टर्मिनेटर (थांबायच्या खुणा) नाहीत, आरएनए बनवणारं पॉलिमरेज तुकडा ओलांडून प्लाझमिडवर पुढे धावतं. खाली असेल तर आरएनए तुटतोय. एचटी११५ मध्ये आरएनेज ३ (दुपदरी आरएनए कापणारं विकर) बंद आहे आणि त्यासोबतच टेट्रासायक्लिनचा प्रतिकार आलाय. १२.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या प्लेटवर रेघ ओढून बघा. एकपदरी आरएनए काढायला आरएनेज ए वापरत असाल तर ३०० मिलिमोलर मीठ ठेवा, कमी मिठात तो दुपदरी आरएनएही कापतो.

खाजणकाठ:
स्मिअर खालीच आहे. टेट्रासायक्लिनवर वाढ नाही.

पेट्रीप्लेट:
मग तो एचटी११५ नव्हेच. आरएनेज ३ चालू असलेला बीएल२१ (डीई३) मिसळला की नेमकं असंच होतं. नवा स्ट्रेन घ्या, ताजं ट्रान्सफॉर्मेशन करा (प्लाझमिड नव्यानं आत घाला). रात्रभराच्या जुन्या कल्चरमध्ये प्लाझमिड टिकवणारं अँपिसिलिन संपतं आणि प्लाझमिड हरवलेले जिवाणूच माजतात.

खारंपाणी, मालवण:
मे नको. पाणी ३२-३३ अंशांवर गेलं की हा विषाणू मुळातच मंदावतो. कोळंबी उकाड्यानं वाचली की आरएनएनं, ते कळणार नाही. टाकी २७ च्या आसपास धरा.

त्याहून मोठी गोष्ट कंट्रोलची, म्हणजे तुलनेच्या गटांची. कोळंबीत कुठलाही लांब डीएसआरएनए थोडंफार विषाणूविरोधी संरक्षण देतो, जिवाणूची भिंतही प्रतिकारशक्ती चेतवते. म्हणून एक गट जीएफपीच्या (विषाणूशी संबंध नसलेल्या चमकत्या प्रथिनाच्या) डीएसआरएनएचा आणि एक प्लाझमिड नसलेल्या एचटी११५चा हवाच. रिकामं एल४४४० चालणार नाही, त्यातूनही आखूड डीएसआरएनए बनतो. हे दोन गट नसतील तर व्हीपी२८बद्दल काहीच सिद्ध होत नाही.

जिवाणू मारूनच खाद्यावर चढवा, प्लेटवर एकही कॉलनी येता कामा नये. वर अंड्याच्या पांढऱ्याचा लेप, नाहीतर माल पाण्यात सुटतो. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी घ्या, आणि टाकीचं पाणी निर्जंतुक केल्याशिवाय खाडीत सोडू नका.

पेट्रीप्लेट:
सस्तन पेशींचं राहिलं. तिथं ३० बेसजोड्यांहून लांब डीएसआरएनए गेला की इंटरफेरॉन (पेशीचा विषाणूविरोधी इशारा) उसळतो, म्हणून आखूड हेअरपिन (स्वतःवर दुमडलेला आरएनए) लागते. शिवाय जिवाणूला आत शिरता यायला हवं: येर्सिनिया जिवाणूचं इन्व्हेसिन प्रथिन पेशीवरच्या बीटा-१ इंटेग्रिनला धरतं, मग लिस्टेरिया जिवाणूचं लिस्टेरिओलायसिन एंडोसोमला (जिवाणूला गिळणाऱ्या पेशीतल्या पिशवीला) भोकं पाडून आरएनएला वाट करून देतं. २००६ मध्ये ई. कोलायकरवी बीटा-कॅटेनिनचं जनुक असंच गप्प केलं गेलं. तुमच्या एचटी११५ मध्ये यातलं काहीच नाही.