मधल्या सुट्टीनंतर दुसरीचा वर्ग शांत कसा करावा?

प्रश्न : दुसरीच्या बाई, हडपसर

नमस्कार. मी हडपसर भागातील एका मराठी शाळेत दुसरीला शिकवते. पट ३९ आहे. परिपाठापासून मधल्या सुट्टीपर्यंत वर्ग बरा चालतो, परंतु सुट्टीनंतर गणिताच्या तासाला तीन-चार मुले प्रश्न पुरा होण्याआधीच ओरडून उत्तर देतात, त्यांच्यामागे सगळा वर्ग कालवा करतो आणि तो शमवण्यातच दहा मिनिटे जातात. बोलणाऱ्यांची नावे मॉनिटरकडून फळ्यावर लिहून घेतली, तर एक मुलगा आपल्या नावापुढच्या फुल्या मोजून शेजाऱ्याला कौतुकाने दाखवू लागला. मारणे मला मान्य नाही. मुख्याध्यापिका मात्र म्हणतात, ‘‘बाई, तुमचा धाकच नाही.’’ काय करावे?

उत्तर : निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ

बाई, आधी ती यादी पुसून टाका. त्या मुलाला ती मिरवायला मिळालेली जागा आहे. नंतर दोन दिवस स्वतःवर लक्ष ठेवा. ओरडून दिलेले उत्तर बरोबर आले की आपण नकळत ‘शाबास’ म्हणून पुढे जातो. निदान मी तरी कित्येक वर्षे तेच करत होते. अधूनमधून फळ मिळणारी सवय सर्वांत चिवट असते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांतून दिसले आहे, त्यामुळे हात वर करण्याचा नियम दहापैकी आठ वेळा पाळून भागत नाही.

दुसरे म्हणजे, प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेला असे आढळले, की शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात आणि तेच तीन सेकंद थांबले, तर एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. मी त्या वेळात सर्वांना पाटीवर उत्तर लिहायला लावून मग ‘पाट्या वर!’ म्हणत असे. पाट्या नसतील तर पाठकोरे कागद चालतील.

उत्तर : प्राथमिक शिक्षक, कोथरूड

वर्गाचे दोन गट करून नियम मोडणाऱ्या गटाच्या नावे खूण करायची आणि खुणा ठरलेल्या मर्यादेत राहिल्या तर दोन्ही गटांना जिंकू द्यायचे, असा खेळ अमेरिकेत १९६९ पासून अभ्यासला गेला आहे. माझ्या चौथीत तो चालला, मात्र एका मुलामुळे गट हरू लागला की बाकीची मुले त्याच्यावर तुटून पडतात, तेव्हा जपून. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते, हे ‘धाक’ मागणाऱ्यांच्या कानावर घालावे.

उत्तर : एक पालक, सिंहगड रस्ता

सुट्टीत मुलांना पाणी प्यायला आणि शौचालयात जायला वेळ पुरतो का, हेही पाहावे. माझी मुलगी रांगेतूनच परत येत असे.

दुसरीच्या बाई, हडपसर

सर्वांचे आभार. काल मोजले, तेव्हा ओरडून आलेल्या अकरा उत्तरांपैकी चार मी स्वतःच स्वीकारली होती! आज कागद वाटले. फुल्या मोजणारा मुलगा कागद वर धरायलाच तयार नव्हता. मी जवळ जाऊन पाहिले, तर ६३ वजा २७ चे उत्तर त्याने ४४ लिहिले होते. सातातून तीन वजा केले होते. दशक मोडायचा असतो, हे त्याला कळलेलेच नाही. उद्या त्याला काड्यांचे गठ्ठे घेऊन माझ्याजवळ बसवणार आहे.