ब्लॅकपूलची बोट ट्राम: चालवावी की शेडमध्ये जपावी?

प्राजक्ता: इंग्लंडच्या किनाऱ्यावरल्या ब्लॅकपूल शहरातल्या १९३४-३५च्या उघड्या, होडीच्या आकाराच्या ‘बोट’ ट्राम खाऱ्या वाऱ्यात, पावसात, वाळूत कित्येक दशकं धावल्या. टिकल्या कशा? आणि आता जपायच्याच आहेत, तर समुद्रापासून लांब, कोरड्या शेडमध्ये उभ्या करून ठेवल्या तर काय बिघडलं?

विद्याधर: समुद्राचा जाच तिथे पहिल्यापासून आहे. २९ सप्टेंबर १८८५ला मार्ग सुरू झाला, तेव्हा वीज वरच्या तारेतून नव्हे, रुळांमधल्या खाचेखालून घ्यायचे. त्या खाचेत वाळू आणि समुद्राचं पाणी जायचं, वीज जमिनीत झिरपायची. १८९९मध्ये वरून तार आली तेव्हा सुटका झाली.

सदानंद: प्राजक्ताताई, ट्रॅक्शन मोटरींच्या, म्हणजे गाडीची चाकं फिरवणाऱ्या मोटरींच्या, दुरुस्तीत माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून त्या बाजूने सांगतो. नुसती उभी ठेवून गाडी जपली जात नाही. किनाऱ्यावरची ट्राम कितीही लांब न्या, मीठ तिच्या अंगातच असतं. ते दमट हवेतलं पाणी ओढतं, त्यात मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बन ब्रशची भुकटी मिसळते आणि वीज गळायला वाट मिळते. बरेच महिने उभ्या असलेल्या मोटरीला मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावून बघा, वीज गळू न देणाऱ्या त्या आवरणाचा आकडा घसरलेला दिसेल. आधी मोटर नीट साफ करायची, सुकवायची, मग अधूनमधून चालवायची. चालली की वाइंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, तापतं, ओल निघून जाते.

आता कंट्रोलर, म्हणजे चालकाच्या हँडलखालची, मोटरींची वीज कमी-जास्त करणारी पेटी. झाकण काढलं की आत तांब्याच्या पट्ट्यांचा ड्रम आणि त्यावर टेकणारे फिंगर. हँडल फिरवताना ठिणग्या उडतात, फिंगरची टोकं जळून खरखरीत होतात. बारीक कानस मारायची, दाब तपासायचा, व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवायचा. हे काम कुणीतरी वर्षानुवर्षं वेळेवर केलं, म्हणून या गाड्या टिकल्या. त्या माणसांची नावं कुठे लिहिलेली नसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मला धास्ती आहे ती लाकडाची. वरून रंग झकास असतो, पत्रा काढला की स्क्रूभोवतीचं लाकूड बोटाने दाबलं तरी भुगा होतं. बोट ट्रामला तर छप्परच नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पत्रा बदला, कुजलेलं लाकूड बदला, पण जुना कंट्रोलर काढून इलेक्ट्रॉनिक बसवू नका. मोटरी आधी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडायच्या, वेग आला की पॅरललमध्ये, म्हणजे समांतर. हे चालकाच्या मनगटाने व्हायचं. तेच गेलं तर उरतो नुसता सांगाडा.

प्राजक्ता: म्हणजे क्रिचच्या ट्राम संग्रहालयासारखी जागा बरी?

सदानंद: बहुतेक गाड्यांसाठी हो. क्रिच डर्बिशरच्या डोंगरात आहे, खारा वारा नाही, आणि साधारण दीड किलोमीटरच्या मार्गावर गाड्या चालतातही. ब्लॅकपूलचीच १९२७ची १६६ नंबरची उघडी, आडव्या बाकांच्या रांगांची ‘टोस्टरॅक’ ट्राम तिथे आहे. पण मुळात बोटी बाराच बांधल्या होत्या. त्यातली २२८ नंबरची सॅन फ्रान्सिस्कोला गेली, तीही खाडीकाठच्या रस्त्यावर धावली आहे. ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर एखादी तरी धावलीच पाहिजे. कोरड्या हवेत, थोडं अंतर, आणि परतल्यावर त्याच संध्याकाळी बाहेरून गोड्या पाण्याने धुऊन, पुसून. दुसऱ्या दिवसावर ढकललं की मीठ सांध्यात बसलंच.